एकटी हिरवी पट्टी

कॅनडात वॉटर्लूतली माझी ती पहिली नोकरी, आणि शुक्रवारी प्रोबेशन संपणार होतं. नोकरी गेली तर पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवानाही हातचा जाणार, म्हणून जीव टांगणीला लागला होता. त्यात माझ्याच गळ्यात पडलेलं जावा अ‍ॅप्लिकेशन रोज दुपारी ऑर्डरींची गर्दी झाली की गोठायचं.

प्रोग्रॅममध्ये काम करणारे हात म्हणजे थ्रेड्स. एका टूलमध्ये प्रत्येक थ्रेडची आडवी पट्टी दिसायची. हिरवी म्हणजे काम चालू, लाल म्हणजे दुसऱ्याने लावलेलं कुलूप उघडायची वाट बघत अडकलेला. माझा स्क्रीन लालेलाल. मी घाबरून थ्रेड्स वाढवले, तर लाल पट्ट्याच वाढल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एकच पट्टी हिरवी होती. ती बिचारी राबतेय म्हणून मी तिच्याकडे बघितलंच नाही.

आम्ही चौघी मुली एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचो. गुरुवारी सकाळी तिथल्या एकुलत्या वॉशरूमबाहेर आम्ही तिघी ताटकळत होतो. आत चौथी, नागपूरची. नळ धो धो चालू. माझी बस चुकणार होती, मी दार बडवलं.

"अगं, आंघोळ करतेयस की टाकी रिकामी करतेयस?"

दार उघडलं. ती कोरडी, कपड्यांनिशी, फोन कानाला. फोनवर होल्डची तीच ती धून.

"वर्क परमिट रिजेक्ट झालंय," ती हळूच म्हणाली. "तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला होता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बसमध्ये तो नळ डोक्यातून जाईना. ऑफिसात पोचल्यावर आधी त्या हिरव्या पट्टीवर क्लिक केलं. कुलूप लावून बसलेला थ्रेड तोच होता, आणि राबत मुळीच नव्हता. ऑर्डरवरचा पत्ता तपासायला त्याने बाहेरच्या सर्व्हरला विचारलं होतं आणि उत्तराची वाट बघत होता. जावा त्यालाही 'काम चालू' म्हणते. उत्तर आल्यावरच कुलूप लागेल असा मी कोड बदलला. दुपारी गर्दी झाली, लाल पट्ट्या दिसल्या नाहीत.

शुक्रवारी मॅनेजर म्हणाला, "यू आर स्टेइंग." आनंदाने रडू आलं, पण घरी त्या नागपूरच्या मुलीसमोर हे कसं सांगू, कळेना.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. ती हसून म्हणाली, "मजेत आहे गं आई. काम खूप आहे, म्हणून फोन नाही केला."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले.