दिनकरचे गुडघे

कुवेतमध्ये बर्फ पडत नाही, म्हणून हौशी लोकांनी तो एका मोठ्या हॉलमध्ये गोठवून अंथरला आहे. तो गोठवणाऱ्या यंत्रावर फिटर म्हणून आमचा दिनकर १९९३ साली गुहागरकडून आला. एका संध्याकाळी आइस हॉकीच्या सरावाला गोलकीपर फिरकलाच नाही. हॉलचे आणि संघाचे मालक अबू फहद यांनी इकडेतिकडे पाहिलं, तर समोर पाना घेऊन दिनकर. त्याला गादीएवढी पॅडं बांधून, मुखवटा चढवून गोलपुढे उभं केलं.

धावत्या माणसांनी काठीने रबराची चकती मारायची आणि ती दिनकरला लागायची, एवढाच नियम त्याला कळला. पण तो पडला नाही. गावच्या शेवाळलेल्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून डोक्यावर नारळ घेऊन उतरलेले पाय ते! अबू फहद खूश झाले, आणि दिवसा फिटर, संध्याकाळी गोलकीपर अशी दिनकरची दुहेरी नोकरी सुरू झाली. सामन्याच्या दिवशी गोलमध्ये दुसराच कोणी उभा राहायचा. दिनकर फक्त सरावात मार खायचा. अब्बासिया भागातल्या आमच्या खोलीत आम्ही त्याला 'आमचा राष्ट्रीय खेळाडू' म्हणायचो. तो नुसता गुडघ्यांना तेल चोळत बसायचा.

घरी चार भाऊ. गणपतीची पाळी आळीपाळीने एकेकाच्या घरी. दिनकरची पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा धाकट्या तुकारामने त्याच्या घरी येऊन पूजा केली, कारण संघाचं शिबिर नेमकं त्याच दिवसांत. २००५ साली पाळी पुन्हा आली. बायको मालन फोनवर म्हणाली, "अहो, मूर्ती आपल्या घरात आणि पूजेला भावजी. लोक विचारतात, तुमचे हे आहेत ना?"

दिनकर अबू फहदकडे गेला. पासपोर्ट त्यांच्याच कपाटात.

"तू जाएगा, तो मेरा गोल कौन देखेगा?" ते म्हणाले. "आदमी लाओ, फिर जाओ."

माणूस आणायचा म्हणजे गाववाला आणायचा, हे दिनकरला वेगळं सांगायला नको होतं. त्याने रूपेशला आणलं. गावातला गाजलेला कबड्डीपटू, इथे एसीच्या पत्र्याची कामं करणारा.

"दादा, जास्त लागतं काय हो?" पॅडं बांधताना रूपेशने विचारलं.

"पहिली दहा वर्षं. मग काय वाटत नाही."

रूपेशने चार चकत्या छान अडवल्या. दिनकरचा जीव भांड्यात पडला. इतक्यात अबू फहदचा मेव्हणा, संघाच्या आघाडीचा भलताच आखडू खेळाडू, एकटाच अंगावर चाल करून आला. आपल्या हद्दीत एकटा माणूस शिरलेला पाहताच रूपेशला धीर निघेना. काठी फेकून त्याने झेप घेतली, मेव्हण्याचा घोटा पकडला आणि तो सुटू नये म्हणून छातीशी घट्ट धरला. दोघे बर्फावरून घसरत पार कठड्याला जाऊन आदळले.

दिनकरने डोळे मिटले. गेली पाळी.

मग अबू फहदचं हसणं ऐकू आलं. ते रुमालाने डोळे पुसत होते. "ये रहेगा," ते म्हणाले. "इसको बोलो, पैर सिर्फ मेरे साले का पकड़ना."

पासपोर्ट मिळाला. दिनकर चतुर्थीच्या आदल्या दिवशी घरी पोचला. सकाळी सोवळं नेसला, भटजींनी पाट मांडला, आणि दिनकरला मांडी घालता येईना. गुडघे अर्ध्यावर थांबले. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. शेवटी खांबाला धरून तो उभा राहिला आणि म्हणाला, "तुकाराम, बस बाबा तूच."

पूजाभर तो दारात उभा होता. पाय फाकवलेले, अंग किंचित पुढे झुकलेलं, दोन्ही हात चौकटीला लागतील न लागतील असे. आत-बाहेर करणारी पोरं त्याच्या कडेने वाट काढत होती.

"दमलात?" मालनने जाता जाता विचारलं.

"हो," दिनकर म्हणाला.

तिने माजघरातून खुर्ची आणली आणि गणपतीसमोर, तुकारामच्या मागे ठेवली.