तिसरं डिव्हाइस

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आजवर चेष्टाच करत आलेय, त्यामुळे आता माझी झाली तरी तक्रार नाही. झालं ते सांगते, अर्थ तुम्ही लावा... मला तरी लागत नाही.

लालबागला आमची तीन मजली चाळ. दुसऱ्या मजल्यावर मी एकटी राहते, भिंतीपलीकडे राणेकाकू. वायफाय माझं, पासवर्ड दोन्ही घरांचा. चाळीत विरजण जसं शेजारी जातं, तसाच पासवर्डही जातो. राणेकाका दुपारी तीन वाजले की मोबाइलवर दशावतारी नाटक लावायचे, तेही मोठ्याने, आणि त्या गोंगाटात काकूंना छान झोप लागायची. काका गेल्या वर्षी गेले; काकू तर मोबाइलला हातही लावत नाहीत.

आठ महिने घरी बसल्यावर मला नोकरी लागली. काम घरूनच, पण प्रोबेशनवर. रोज तीनला टीमचा कॉल, आणि रोज तीनलाच माझ्या नेटला धाप लागायची! शंभर एमबीपीएसचा प्लॅन, स्पीड मिळायचा चार. मॅनेजरने शांतपणे बजावलं, "आता कॉल तुटला तर कन्फर्मेशन विसरा."

कस्टमर केअरला फोन लावला.

"मॅडम, तीन डिव्हाइस चालू आहेत. वरचा प्लॅन घ्या ना."

"आधी आहे त्याचा स्पीड द्या! आणि तीन कुठून? माझा लॅपटॉप आणि फोन, बस."

"तिसरं रोज तीन ते चार व्हिडिओ बघतंय. नाव दिसतंय — राणे मोबाइल."

"एका व्हिडिओने शंभरचे चार होतात?"

"सिस्टिममध्ये तसंच दिसतंय, मॅडम."

मी तडक काकूंकडे गेले. त्यांनी कपाटातून काकांच्या रुमालात गुंडाळलेला जुना फोन काढून दिला. तो हातात घेतल्यावर मला आठवलं, फुगलेली बॅटरी काका गेल्यावर मीच काढून टाकली होती. फोन तेव्हापासून नुसतं खोकं होता.

मग कंपनीचा माणूस आला. राउटर बदलला, पासवर्ड बदलला. तो मी कुणालाच दिला नाही. दुसऱ्या दिवशी तीनला 'राणे मोबाइल' हजर! शेवटी त्याने ते नाव ब्लॉक केलं. दोन दिवस स्पीड पुरा, मॅनेजरही खूश. मीही सुटले म्हटलं.

तिसऱ्या दिवशी काकू दारात उभ्या. डोळे सुजलेले.

"गो बाय, दोन दिवस झाले, दुपारचा दशावतार कित्याक लावणस नाय? माका झोपच येणा नाय."

"मी? मी कधी लावला काकू?"

"वरीसभर भिंतीतसून आवाज येता मगे. तूच लावतस ना, माझ्यासाठी?"

"उद्या लावते," मी म्हटलं.

मी घाबरले नव्हते, खरंच. नुसती गोंधळले होते, आणि फार वाईट वाटत होतं. नोकरी जाताना डोळ्यांसमोर दिसत होती, तरी त्याच संध्याकाळी ब्लॉक काढायला लावला आणि वरचा प्लॅन घेतला. कस्टमर केअर जिंकलं म्हणा! दुसऱ्या दिवशी जीव मुठीत धरून कॉलला बसले. तुटला नाही. पुढे नोकरीही पक्की झाली.

तो फोन आजही बॅटरीशिवाय कपाटात आहे आणि तिसरं डिव्हाइस रोज तीनला जोडलं जातं. कसं, ते कंपनीलाही सांगता येत नाही. मी मात्र भिंतीला कान लावून लावून थकले... काकूंच्या घोरण्याखेरीज मला काहीच ऐकू येत नाही.