शेळी बोले, नणंदे लागे

बालवाडीच्या बाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला उलट उत्तर दिलं नाही. सासूला नाही, जावेला नाही, मुलांच्या आयांना तर नाहीच. लोक म्हणत, बाई म्हणजे गरीब गाय. पण गरीब झाली तरी गायीला शिंगं असतातच, आणि बाईंची शिंगं घराच्या मागच्या अंगणात होती.

तिथे त्यांच्या कोंबड्या होत्या, दोन शेळ्या होत्या आणि भाजीचे वाफे होते. खुराड्यातलं खत वाफ्यांना, वाफ्यांतला निबर पाला शेळ्यांना. मेथीचा एखादा वाफा उपटून झाला की त्यात कोंबड्या सोडायच्या, त्या अळ्या वेचता वेचता माती उकरून तयार ठेवत. बालवाडी सुटली की बाईंचा उरलेला दिवस याच वर्गात जाई, आणि या वर्गातल्या प्रत्येकाला नात्यातलं नाव होतं. मान ताठ करून बांग देणारा आणि मांजर दिसलं की सगळ्यांच्या आधी पळणारा कोंबडा म्हणजे भाऊजी. दुसरीच्या टोपलीत घुसून बसणारी तांबडी म्हणजे थोरल्या जाऊबाई. घरात जे बोलणं ओठांपर्यंत येऊन परत जाई, ते मागच्या दारी धो धो बाहेर पडे. "जाऊबाई, आयत्या बिळावर बसायची सवय कधी जाणार हो तुमची?" तांबडी मान वाकडी करून ऐकून घेई आणि पुन्हा तेच करी. बाईंना मात्र रात्री झोप छान लागे.

काळ्या शेळीचं नाव वन्सं. कितीही कोवळा पाला घाला, आधी नाक मुरडणार, मग खाणार. बाईंचे यजमान रिटायर झालेले कंडक्टर. त्यांना हे नाव मुळीच पसंत नव्हतं.

"अगं, माझी सख्खी बहीण आहे ती."

"तुमची ताई वेगळी हो," बाई म्हणत. "ही माझी वन्सं."

खऱ्या वन्सं पलीकडच्या वस्तीत राहत. त्यांच्याही दारी शेळ्याकोंबड्या होत्या. जाणं-येणं मात्र बंद होतं. बाईंच्या मुलीच्या लग्नात, भरल्या मांडवात, वन्सं हसत हसत बोलून गेल्या होत्या, "आमच्या वहिनीला देवाने सगळं दिलं, फक्त तोंड द्यायचं राहिलं." मांडव हसला. बाईही हसल्या आणि त्या दिवसापासून नणंदेच्या घराची पायरी चढल्या नाहीत.

अशात काळी गाभण राहिली. पहिलंच वेत. दिवस भरले त्या सकाळी ती पायाने जमीन खरवडू लागली, उठबस करू लागली. दुपार झाली, पाणमोट फुटली, एक इवलासा खूर दिसला आणि पुढे काहीच होईना. काळी कळ देई, ओरडे आणि आडवी पडे. बाईंच्या पाचावर धारण बसली. जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते लांब कुठेतरी म्हशीपाशी अडकलेले. संध्याकाळशिवाय येणार नाहीत म्हणाले. तोवर काळी कसली टिकते?

"ताईला आणू का?" कंडक्टर हळूच म्हणाले. "तिने अशा पुष्कळ सोडवल्यात."

अडला हरी काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथे तर शेळी अडली होती. बाईंनी काळीच्या पोटावरून हात फिरवला. ज्या जनावराला आपण रोज इतकं बोललो, त्याच्यावर आपला इतका जीव आहे हे त्यांना तेव्हाच कळलं.

"आणा," त्या म्हणाल्या. "पण आजच्या दिवस हिला नावाने हाक मारायची नाही. आज ती नुसती काळी."

वन्सं स्कूटरवरून उतरल्या त्या बाह्या सारूनच. कशी आहेस नाही, काय म्हणतेस नाही. "गरम पाणी, साबण, गोडं तेल. आणि वहिनी, तू तिचं डोकं मांडीवर घे." कोपरापर्यंत हात धुऊन, तेल लावून त्यांनी चाचपून पाहिलं. "एक पाय पुढे आहे, दुसरा आत दुमडलाय. आधी पिल्लू मागे सारायला लागेल. घट्ट धर."

पिल्लू मागे सारायचं म्हणजे कळ ओसरल्यावर, आणि काळी तर श्वास घ्यायलाही थांबेना. वन्संच्या कपाळावरून घाम निथळत होता. कंडक्टर सवयीने पुटपुटत होते, "चला, पुढे सरका, पुढे सरका," आणि दोन्ही बायका त्यांच्यावर एकदमच खेकसल्या. एकदा वन्सं पुटपुटल्या, "सुटला बघ हातातून," तेव्हा बाईंना वाटलं, संपलं सगळं. मग काळीने एकाएकी मान टाकली. डोळे मिटू लागली. बाईंचं भान सुटलं.

"वन्सं!" त्या जिवाच्या आकांताने ओरडल्या. "अहो वन्सं, आता तरी हट्ट सोडा! जन्मभर नाकं मुरडलीत, ज्याला त्याला टोचून बोललात, मी एक शब्द काढला नाही! पण मरून दाखवलंत तर याद राखा! जोर करा!"

खऱ्या वन्संचा हात आत तसाच थांबला. त्यांनी मान वर करून वहिनीकडे पाहिलं. कंडक्टर भोपळ्याच्या वेलाकडे बघू लागले. धरणीने पोटात घेतलं असतं तर बाई आनंदाने गेल्या असत्या. पण त्या आवाजाने म्हणा, कशाने म्हणा, काळीने डोळे उघडले.

"कळ येतेय," वन्सं म्हणाल्या. "पाय सापडला. धर!"

कळेबरोबर त्यांनी खाली ओढलं आणि ओलंचिंब करडू गोणपाटावर येऊन पडलं. ते हलेना. वन्संनी बोटाने त्याच्या नाकातोंडातला चिकटा काढला, बाईंनी गोणपाटाने खसाखसा अंग चोळलं. करडू शिंकलं. पुन्हा शिंकलं. मग असं काही केकाटलं, की भाऊजी खुराड्यात पळाले. काळी वळली आणि त्याला चाटू लागली. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या तिथेच मातीत बसून रडल्या, आणि रडताना हसत होत्या.

थोड्या वेळाने जार पडला. मग दोघी मोरीवर हात धुवायला गेल्या.

"शेळीचं नाव वन्सं?" वन्संनी विचारलं.

बाईंनी मान हलवली.

"कधीपासून बोलतेयस तिला?"

"रोजच," बाई म्हणाल्या. "पोरीच्या लग्नानंतर आणली, तेव्हापासून."

वन्संनी साबण घासला, खूप वेळ घासला. "माझ्याकडे एक पांढरी कोंबडी आहे," त्या म्हणाल्या. "अंडी काढली तरी टोचत नाही की ओरडत नाही. नुसती बघते. मी वहिनी म्हणते तिला. रोज सांगते, बाई गं, मला चार शिव्या घाल, पण अशी गप्प बसू नकोस. मांडवात बोलले तेव्हा तू तिथल्या तिथे माझं तोंड बंद करशील असं वाटलं होतं. तू हसलीस. मग मला तुझ्या दारी येताच येईना."

नळ वाहत होता. बाईंनी तो बंद केला. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा समोर नणंद होती आणि त्यांना भीती वाटत नव्हती.

"त्या कोंबडीच्या मनात काय आहे, सांगू का?" त्या म्हणाल्या.

"सांग की," वन्सं म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत पायरीवर ऐसपैस बसल्या.

बाईंनी पदर खोचला. "तर वन्सं, पहिली गोष्ट म्हणजे..."

कंडक्टरांनी बहिणीशी बोलताना बायकोचा आवाज इतका चढलेला पहिल्यांदाच ऐकला. ते गुपचूप आत गेले आणि चहाला तिघांचं आधण ठेवलं.