जगलेल्या हरभऱ्याची माती

अकोल्याच्या प्रयोगशाळेत माती तपासायला लागून मला दुसरंच वर्ष होतं. चांदूर बाजारजवळच्या एका काकूंचा हरभरा ऐन फुलावर मरत होता, म्हणून नमुने घ्यायला मी त्यांच्या शेतात गेले. वाळलेली झाडं उपटली, मुळांची माती पिशवीत भरली आणि निघाले, तसं काकूंनी मला थांबवलं.

"मेलेल्याचीच माती काहून नेता, मॅडम? जे जगून राहिलं त्याचीबी न्या ना."

त्यांनी धुऱ्याजवळची, बांधालगतची पट्टी दाखवली. तिथला हरभरा हिरवागार होता. त्या जागी वर्षानुवर्षं शेणखताचा ढीग असायचा. मला एस.टी. गाठायची घाई होती, पण त्यांचं मन मोडवेना. त्यांनीच खुरप्यानं माती काढून दिली.

महिन्याभरानं अहवाल आला. दोन्ही मातींतल्या डीएनएमधून बुरशींची ओळख पटवली होती. मर रोग आणणारी बुरशी मेलेल्या झाडांखाली होती, तशीच हिरव्या झाडांखालीही होती. मी लगेच काकूंना फोन लावला.

"काकू, दोन्ही पिशव्यांत मेलेल्या झाडांचीच माती तर नाही ना गेली?"

"मी जगलेल्याच्या पिशवीले दोन गाठी मारल्या होत्या. पाहा तुमी."

पाहिलं. दोन गाठी होत्या. माझंच मला वाईट वाटलं. चुकीचा नमुना म्हणून मी हिरव्या पट्टीतल्या बुरशींची यादी बाजूला सारणार होते. आता ती पहिल्यापासून वाचली, तेव्हा खाली ट्रायकोडर्माच्या एका जातीचं नाव दिसलं. रोगाच्या बुरशीला खाणारी ही बुरशी हिरव्या पट्टीत भरपूर होती, बाकी शेतात नावालाच.

मग काकूंच्याच मातीतून ती वेगळी काढली, काचेच्या बशीत वाढवली आणि ती बशी घेऊन त्यांच्याकडे गेले. हिरवट थर बघून त्या म्हणाल्या, "अव माय, हे तं बुरसं! लोणच्यावर आलं तं आमी फेकून देतो."

पण फेकलं नाही. पुढच्या पेरणीआधी ते शेणखतात मुरवून अर्ध्या वावरात टाकलं. त्या अर्ध्यातही काही झाडं मेलीच. पण बहुतेक उभी राहिली, घाट्यांनी भरली. मी बांधावर उभी होते, तर काकूंनी माझ्या ओंजळीत हिरव्या हरभऱ्याचे सोले ओतले.

"खा पोरी. उन्हाची आली."

आता माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुली आहेत. शेतात निघताना मी त्यांना एक रिकामी पिशवी जास्तीची घ्यायला सांगते, निरोगी झाडाच्या मातीसाठी. हे कुठं शिकलात, असं त्या विचारतात. मी काकूंबद्दल सांगते, आणि सांगताना दर वेळी मनात येतं, त्या दिवशी एस.टी.च्या घाईत मी तशीच निघून गेले असते तर!