सासूबाईंचं बोट

टीव्हीवर लोकांना हसवण्यात माझा सगळा जन्म गेला. लिहिलं, बसवलं, पुढं स्वतःच्या हिमतीवर मालिका काढल्या. पण त्यातलं पहिलं काम मी कागदावर केलंच नाही. ते केलं सोलापुरात, गणपतीच्या मांडवात, एका साहेबांच्या कानात ओरडून. त्याचं आजही कुणी कौतुक केलं की मला घाम फुटतो.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मिलच्या ऑफिसात कारकून होतो आणि भवानी पेठेतल्या आमच्या मंडळासाठी दरवर्षी प्रहसन लिहायचो. टीव्ही मुंबईत सुरू झालाय एवढंच ऐकून होतो, डोळ्यांनी कुणाच्या बापानं पाहिला नव्हता. त्या टीव्हीवरचे एक निर्माते गणपतीला नातेवाइकांकडं आले होते. हातापाया पडून मी त्यांना प्रहसन बघायला राजी केलं. संध्याकाळच्या गाडीनं ते परत जाणार होते. म्हणजे काय व्हायचं ते तेवढ्यात. पुढच्या रांगेत एका खुर्चीवर ते, शेजारी आमच्या मिलच्या विणकामाचे मुख्य, वीव्हिंग मास्तर, आणि दोघांच्या मागं वाकून उभा मी. पाठीमागं सगळी मिल.

प्रहसन साधं होतं. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला आलेला जावई परत जायचं नावच घेत नाही. जावई झाला होता साचेखात्यातला, म्हणजे मागांवरचा, एक विणकर, माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणायचो. तोंड उघडलं की माणसं हसायची, असा हजरजबाबी गडी.

सुरुवात झकास झाली आणि शेजारच्या गल्लीचं लेझीम पथक आमच्या मांडवासमोर येऊन ठाकलं. मुद्दाम! ढोल असे बडवायला लागले की आमच्या कर्ण्याचा आवाज कुठल्या कुठं गेला. मी विनवण्या केल्या, शिव्या घातल्या, ते हलेनात. मुंबईचे साहेब घड्याळ बघायला लागले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात दादानं खात्यातलं बोलणं सुरू केलं. साचेखात्यात यंत्रांच्या खडखडाटात कानाला काही लागत नाही. तिथं माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात, मराठी असो की तेलुगू, सगळ्यांना ते वाचता येतं. माझे वडील विणकरच. आमच्या घरात भांडणंसुद्धा आवाज न करता व्हायची. मांडव हसायला लागला. साहेबांनी माझा हात ओढला, "काय म्हणाला तो?" मी त्यांच्या कानात ओरडून सांगायला लागलो. पलीकडून मास्तरांनीही कान पुढं केला. मास्तर शिकून थेट मोठ्या जागेवर आलेले, साच्यावर कधी उभे राहिले नव्हते, म्हणून हे बोलणं त्यांना येत नव्हतं. ते खात्यात शिरले की माणसं ओठ मिटून घ्यायची.

थोडा वेळ दादा माझीच वाक्यं बोलत होता. मग त्याची नजर मास्तरांवर गेली आणि त्यानं माझं प्रहसन सोडून दिलं. एक बोट उभं केलं, ते वाकवलं, मग हातानं कापड पुसल्यासारखं केलं. ओठ म्हणत होते, "माज्या भावाचं बोट साच्यात गेलं, तवा ह्यो मास्तर म्हनला, आदी कापडावरचं रगत पुसा."

मांडव फुटला! ते काही मजेचं हसू नव्हतं, पण फुटला.

"काय म्हणाला? काय म्हणाला?" साहेब माझी बाही ओढत होते. मास्तरांचा कान माझ्या तोंडापासून वीतभर. एक शब्द कळला असता तर दुसऱ्या दिवशी दादाला गेटवरच अडवला असता. घरात बायको, पोरं आणि बोट गेलेला भाऊ. मी ओरडलो, "सासूबाईंनी शेंगाचटणीत बोट बुडवलं आणि जावयाच्याच धोतराला पुसलं!"

दोघंही खो खो हसले. मास्तरांना हसताना बघून मागची माणसं आणखी गडबडा लोळायला लागली.

दादा थांबेना. त्यानं नाक धरलं, अंगातला सदरा चिमटीत धरून दाखवला. "ह्याला आमच्या घामाचा वास येतो, आनि आमी इनल्यालं कापड बरं चालतं!" मी ओरडलो, "जावई आंघोळ करत नाही, सासरे नाक धरून म्हणतात, निदान सदरा तरी धुवायला टाका!" असं शेवटपर्यंत. तो एक बोलायचा, मी दुसरंच सांगायचो, आणि प्रत्येक वेळी हातवाऱ्यांना जुळेल असं.

साहेब उठताना म्हणाले, "हे तुझं? मुंबईला ये." मास्तरांनी दादाच्या पाठीवर थाप मारली. "काय काम केलंस रे!"

मांडवामागं मी दादाला मिठीच मारली. "वाचलास! अरे, काय बोलत होतास, शुद्धीवर होतास का?"

"तू काय सांगितलंस त्यास्नी?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, हसेल.

"मी हसवायला न्हवतो बोललो," तो म्हणाला. "तू मागं उभा राहून त्यास्नी समदं सांगत हुतास म्हनून बोललो. भायेरच्या सायबाच्या म्होरं त्या मास्तरला कुनीतरी सांगावं, वाईच लाजंल तरी. आनि तू माज्या भावाचं बोट चटनीत बुडवलंस व्हय?"

माझं डोकं फिरलं. "नोकरी गेली असती! पोरं रस्त्यावर आली असती तुझी!"

"आली असती. ते माजं मी बगितलं असतं की."

मी केलं ते बरोबरच केलं असं मला आजही वाटतं, आणि कुणी चुकलं म्हटलं तर मी भांडायला उठेन. त्यानंतर दादा माझ्याशी बोलला नाही. मुंबईला निघालो त्या दिवशी स्टेशनवर त्याचा भाऊ आला. तुटक्या बोटाच्या हातानंच त्यानं माझी ट्रंक डब्यात चढवली. गाडीनं शिट्टी दिली तसा तो खिडकीशी आला आणि म्हणाला, "ते चटनीचं सांगितलं मला दादानं. लई हसलो बगा."