शिवलेली भिंत

तिच्या नवऱ्याला सगळे बूच म्हणायचे, आणि त्याला त्याचं मुळीच वाईट वाटत नसे. बाटलीला बूच मारावं तसा तो खोल्यांना बूच मारायचा, हाच त्याचा धंदा. कुणाला घरात गाणी रेकॉर्ड करायची असत, कुणाला ड्रम वाजवायचे असत, आणि शेजाऱ्यांशी भांडण कुणालाच नको असे. असे लोक बूचला शोधत येत. साहजिकच ती झाली बूचवहिनी. ती स्वतः सव्वीस वर्षं कोट शिवत होती, शहरातले निम्मे खांदे तिने सरळ केले होते, पण नाव मिळालं ते नवऱ्याच्या धंद्यावरून. हे तिला खटकायचं. बोलून मात्र दाखवलं नाही कधी. न बोलायची ही सवय तिला पुढे चांगलीच महागात पडली.

बूच जेवताना धंद्यावरच बोलायचा. समोर भिंत असली तरी बोलला असता, समोर बायको होती एवढंच.

"लोक भिंतीला फोम चिकटवतात आणि खूश होतात," तो सांगायचा. "फोमने आवाज खोलीत घुमायचा थांबतो, बाहेर जायचा थांबत नाही. बारीक आवाज अडवणं सोपं असतं. खर्ज अडवायला वजन लागतं आणि अंतर लागतं. जुन्या भिंतीपासून चार बोटं सोडून दुसरी भिंत उभी करायची, खाली रबर घालायचं, मध्ये दगडी लोकर भरायची. आणि नवीन भिंतीने जुनीला कुठेही शिवायचं नाही. एक खिळासुद्धा शिवला की संपलं, सगळा खर्ज त्या खिळ्यातून पलीकडे."

"आमच्यात उलटं," ती म्हणायची. "आमच्यात शिवलं नाही तर लोक उघडे हिंडतील."

ही त्यांच्या घरातली जुनी कोटी होती. इतकी वापरून झालेली की आता हसू येत नसे, पण ती झाल्याशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नसे.

बूचचं सगळ्यात लाडकं काम होतं शेजारच्या मास्तरांची खोली. मास्तर बास गिटार वाजवायचे आणि घरी बसून जाहिरातींचं संगीत करायचे. त्यांच्या स्टुडिओची भिंत ती बूचच्या घराची भिंत. ती खोली त्याने जीव ओतून बांधली, आणि तेव्हापासून त्याचं स्वतःचं घर म्हणजे त्याचं नमुन्याचं दालन झालं. नवीन गिऱ्हाईक आलं की मास्तर वाजवायला बसले असतील अशी वेळ साधून तो त्याला घरी आणायचा, खोलीच्या मधोमध उभं करायचा, बोट वर करायचा आणि विचारायचा, "काही ऐकू येतंय?"

गिऱ्हाईक मान तिरकी करून सूर शोधायचं. सूर नसायचा. "नाही बुवा," ते म्हणायचं, आणि काम पक्कं व्हायचं.

त्या सगळ्या काळात ती दिवसभर तिच्या शिवणाच्या दुकानात असायची. त्यामुळे तिलाही भिंत गप्पच वाटत होती.

मग ती दुकानाच्या जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं, आत स्टीलची पट्टी बसवली, आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. तीन महिन्यांचे पुढे पाच झाले. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुकानातून कापलेले कोट घरी यायला लागले आणि शिवून जायला लागले. खाट आणि मशीन दोन्ही मास्तरांच्या भिंतीला लागली, कारण दुसऱ्या बाजूला लावली असती तर वॉकर घेऊन बाथरूमला जायला वाट उरत नव्हती. खाट, मशीन, खिडकी, वॉकर. एवढंच तिचं जग, आणि ते आठ पावलांत संपायचं.

मास्तर दुपारी दोन ते पाच वाजवायचे, कारण त्या वेळी इमारतीत कुणी नसायचं. एक ती होती, पण तिचा हिशेब कुणी धरला नव्हता.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, खाली रस्त्यावर मोठी गाडी चालू ठेवून ड्रायव्हर कुठेतरी गेलाय. ढुम. ढुम. कानाला म्हणावं तर काहीच नाही, पण खाटेवर पाठ टेकली की ते हाडात यायचं, त्या पट्टीत यायचं, दातांत यायचं. मशीनवर बसली की पायाखालून यायचं. खिडकी बंद केली तर ते जास्तच जाणवायचं. उठून जावं म्हटलं तर जाणार कुठे, आठ पावलं.

तिने त्याला सांगितलं.

"शक्यच नाही," बूच म्हणाला. जरा हसलाही. "अगं, मी बांधलंय ते. भास आहे तुझा."

त्याने त्या भिंतीला पाठ लावून कधी तीन तास काढले नव्हते. दुपारी तो कामावर असायचा, सुट्टीला मास्तरही सुट्टीवर. मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, दिवसभर एकटी असतेस ना, म्हणून होतं." कानाचे डॉक्टर घरी आले, कान उत्तम आहेत म्हणाले, आणि उत्तम कानांसाठी गोळ्या लिहून गेले. गोळ्यांनी आवाज गेला नाही, ती मात्र पेंगायला लागली. एका दुपारी तिने एका कोटाची डावी बाही उजव्या खांद्याला शिवली. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. तो कोट मांडीवर घेऊन ती रडली, आणि पहिल्यांदा तिला वाटलं की सगळे म्हणतात ते खरं असेल, आपलंच डोकं फिरलंय.

सगळ्यात वाईट वेळ गिऱ्हाइकं यायची ती. बूच त्यांना मधोमध उभं करायचा, बोट वर करायचा. "काही ऐकू येतंय?" "नाही." मग एखादा भला माणूस तिच्याकडे वळून विचारायचा, "वहिनी, तुम्ही तर दिवसभर इथेच. तुम्हाला त्रास नाही ना होत?" पाठीत ढुम ढुम चालू असायचं. नवरा गिऱ्हाइकाच्या मागून तिच्याकडे बघत असायचा, गोड चेहरा करून. आणि ती म्हणायची, "नाही." घरातल्या घरात खोटी ठरायची आणि परक्यासमोर खोटं बोलायची. या दोन्हींतून सुटायला तिच्याकडे पायही नव्हते.

एक दिवस कोटाचं पितळी बटण लावताना दोरा तिच्या हातात लांबच राहिला आणि बटण लोंबकळून भिंतीला लागलं. टिक. टिक. टिक. तिने हात स्थिर धरला. बटण वाजतच राहिलं. तिने श्वास रोखला, तरीही. भास बटणाला होत नाही, एवढं तर कुणीही मान्य करेल.

त्या दुपारी वॉकर ढकलत ती भिंतीच्या कडेकडेने बटण टेकवत फिरली. कोपऱ्यात गप्प. खिडकीपाशी गप्प. खाटेच्या उशाशी, कमरेच्या उंचीवर, जोरात. तिने कपड्यावर आखायच्या खडूने तिथे फुली मारली. दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. आठ दिवस, आठ फुल्या, आणि सगळ्या एका तळहाताखाली झाकतील इतक्या जवळ. नवव्या दिवशी तिने तिथे एक टाचणी रोवून बटण टांगूनच ठेवलं.

तिने त्याला मुद्दाम काही सांगितलं नाही. सांगून झालं होतं.

त्याच आठवड्यात बूचला मोठं काम यायचं होतं. एक बाई संगीताचे वर्ग चालवायच्या, त्यांना सहा खोल्या बांधायच्या होत्या. त्या तीन वाजता बघायला येणार म्हणून तो अडीचलाच घरी आला, आवराआवर करायला लागला आणि फुल्या बघून वैतागला.

"भिंत कशाला घाण केलीस?" त्याने ओलं फडकं आणलं. दोन फुल्या पुसल्या, आणि त्याचा हात थांबला.

भिंतीवरचं बटण टिकटिकत होतं. त्याने बटणाकडे पाहिलं. मग खिशातला टेप काढला, कोपऱ्यापासून फुलीपर्यंत लावला, जमिनीपासून फुलीपर्यंत लावला. ती मशीनवरून बघत होती. पलीकडच्या नवीन भिंतीच्या सांगाड्याची प्रत्येक पट्टी कुठे उभी आहे हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. टेप खटकन आत गेला. त्याचा चेहरा इतका उतरला की तिला क्षणभर त्याची काळजी वाटली.

त्याने फडकं पुन्हा उचललं. उरलेल्या फुल्या पुसायला लागला. तेव्हा मात्र ती काळजी जळून गेली. इतका राग तिला लग्नाच्या इतक्या वर्षांत आला नव्हता.

"बटण राहू द्या," ती म्हणाली.

वर्गाच्या बाई आल्या. बूचने त्यांना मधोमध उभं केलं, पण बोट काही वर गेलं नाही. "काही ऐकू येतंय?" त्याने जमिनीकडे बघत विचारलं.

"सूर तर एकही नाही," बाई म्हणाल्या. मग तिच्याकडे वळल्या. "तुम्ही इथेच बसून काम करता ना? तुम्हाला येतो का आवाज?"

'नाही' जिभेवर तयारच होतं, पाच महिन्यांची सवय. तिने ते गिळलं.

"ह्यांना विचारा," ती म्हणाली. "ह्यांनी आत्ताच टेप लावून मोजलाय."

बूच अडकला. पुढे गिऱ्हाईक, बाजूला बायको, मागे भिंत. भिंतीवर बटण वाजतच होतं. त्याने एकदा दाराकडेही पाहिलं.

"येतो," तो शेवटी म्हणाला. "शेवटच्या दिवशी आखूड स्क्रू संपले होते. एक मारायचा राहिला होता, तिथे दाराच्या चौकटीचा लांब स्क्रू मारला. म्हटलं, एकाने काय होतंय. तो आरपार जाऊन ह्या भिंतीला शिवलाय."

"मग मला बोलावलंत कशाला?" बाईंनी विचारलं. कळवते म्हणून त्या गेल्या.

बूच तसाच शेजारी गेला. मास्तरांचं वाजणं बंद पडलं, मग ड्रिल वाजलं, मग बराच वेळ काही नाही. संध्याकाळी तो परत आला आणि जवळजवळ वीतभर लांबीचा एक स्क्रू त्याने तिच्या मशीनवर ठेवला.

"भास नव्हता तुझा," तो म्हणाला. स्क्रूकडे बघत म्हणाला.

हे वाक्य ऐकायला ती पाच महिने थांबली होती. ऐकलं की मोकळं वाटेल, असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"मला शिवायला शिकवलं तेव्हा पहिलं उसवायला शिकवलं," ती म्हणाली. "चुकीचं शिवलं तर त्याच दिवशी उसवावं लागतं. तुम्हाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही भिंतीवर विश्वास ठेवलात, माझ्यावर नाही."

त्याने स्क्रू उचलून खिशात टाकला. निदान त्या दिवशी जेवताना धंदा निघाला नाही, आणि जुनी कोटीही झाली नाही.

वर्गाच्या बाईंनी काम त्यालाच दिलं, महिन्याभराने. चूक स्वतः सांगणारा माणूस बरा, असं त्या म्हणाल्या. ती कुणी वदवली हे त्यांनी पाहिलं होतं, पण ते बोलायचं राहून गेलं. आता बूच गिऱ्हाइकांना घरी आणतो तेव्हा बोट वर करत नाही. "मला विचारू नका, हिला विचारा," म्हणतो, आणि त्यात थोडी ऐटही असते. जिना अजून बंद आहे. दोन ते पाच ती अजून त्याच भिंतीशी बसते. भिंत खरोखरच गप्प आहे.

पण कान उत्तम असून तिला आता त्यांचा भरवसा वाटत नाही. पाच महिने तिला समजावलं होतं की ते खोटे आहेत, आणि एक स्क्रू काढल्याने ते समजावणं निघालं नाही. टाचणीवरचं बटण तिने काढलेलं नाही. गिऱ्हाईक विचारतं, "वहिनी, तुम्हाला काही ऐकू येतंय का?" सगळे तिच्याकडे बघत थांबतात. ती मशीन थांबवते, आधी मान वळवून बटणाकडे बघते, आणि मग सांगते, "नाही."