व्यंकटअण्णांचा तिसरा सवाल

बिदरच्या जुन्या बसस्टँडमागं राहणाऱ्या व्यंकटेश बिरादारला सगळा तालुका व्यंकटअण्णा म्हणतो. बायको सोडून. शारदाबाई रिटायर मास्तरीण. त्या ‘अहो पत्रकार’ म्हणतात. कौतुकानं म्हणतात की टोमणा मारतात, हे अण्णांना लग्नापासनं आजपर्यंत कळलेलं न्हाई, आणि विचारायची हिंमतबी झालेली न्हाई. मोठमोठ्या पुढाऱ्यांना घाम फोडणारा माणूस, घरात मीठ कमी झालंय हे सांगायला घाबरतो.

अण्णा एका मराठी साप्ताहिकात राजकारणाच्या बातम्या लिहितात. लिहून लिहून मान वाकडी झाली. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, आणि चेहरा असा की समोरच्याला वाटावं, ह्येला आत्ता झोप लागनार. त्या झोपाळू तोंडावर कितीतरी पुढारी फसले बगा.

कारण अण्णांची विचारायची रीत लई वंगाळ. आपल्याकडं भाजीवालीबी तीन भाषा बोलती, त्यात नवल काय? पण तिन्ही भाषांत माणूस तोच राहतो का, हे कुणी बघितलं न्हाई, ते अण्णांनी बघितलं. पुढारी कन्नडात बोलायला लागला की सरकारी कागदावानी ताठ होतो. मराठीत आला की गळा दाटतो, मायबहिणी आठवतात. आणि दख्खनी? ती चहाच्या टपरीवरची, दोस्ताच्या खांद्यावर हात टाकून बोलायची भाषा. तिच्यात थाप मारायला गेलं की थापा मारणाऱ्यालाच हसू फुटतं.

म्हणून अण्णा एकच सवाल तीनदा टाकायचे. बसल्या बसल्या कन्नडात. चहाचा कप हातात आला की मराठीत. आणि सगळं संपल्यावर, पायात चप्पल घालता घालता, जसं काय सहज आठवलं, दख्खनीत. तिन्हीला एकच उत्तर आलं तर ते छापायचं. न्हाई आलं तर तिन्ही उत्तरं एकाखाली एक छापायची, आणि आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं न्हाई. पुढाऱ्यांना ही रीत ठाऊक होती. ठाऊक असूनबी फसायचे. आणि लोक म्हणायचे, ‘अण्णानं छापलंय व्हय? मग खरं असनार.’ त्यापुढं कुणी विचारायचं न्हाई.

ह्या एवढ्या एका वाक्यावर अण्णांचं म्हातारपण उभं होतं. ना बंगला, ना गाडी.

तर झालं काय, कमठाण्याच्या पुढं एक वाडी हाय. तिथली सकाळची बस बंद पडली. कालेजला जाणाऱ्या पोरी घरात बसल्या. राजूबाईची नात पल्लवी त्यातलीच. आता पोरगी घरात बसली की तिच्यासाठी स्थळं येऊ लागतात, हे काय सांगायला पायजे का? राजूबाईनं चार बाया गोळा केल्या, त्याच्या चाळीस झाल्या, आणि तरट टाकून सगळ्याजणी रस्त्यावर बसल्या. ऊन असं की डांबर मऊ झालेलं. तरी उठल्या न्हाईत.

मग धनराज पाटील पुढं झाले. त्या भागातले मोठे पुढारी, तोंडात सदा बडीशेप. त्यांनी अण्णांना वाड्यावर, म्हणजे नव्या बंगल्यावर, बोलावलं. अण्णांनी कन्नडात विचारलं. पाटील ताठ बसून बोलले, एक तारखेपासनं बस चालू. चहा आला, अण्णांनी मराठीत विचारलं. पाटलांचा गळा दाटला, “आपल्याच लेकीबाळी हाईत, अण्णा. बस येनार म्हंजे येनार.”

आणि मग अण्णा उठले. चप्पल घातली. आता तिसरा सवाल टाकायचा, एवढंच राहिलं होतं.

पण त्या दिवशी गुडघा ठणकत होता. सकाळपासनं पोटात एक बिस्कीट होतं. बाहेर रिक्षावाला हॉर्न मारायला लागला होता. अण्णांच्या मनात आलं, दोनदा तेच बोललाय की माणूस, आणखी काय इचारायचं? हात जोडले आणि निघाले.

बातमी आली. राजूबाईला वाचता येत न्हाई, पल्लवीनं वाचून दाखवली. खाली नाव बघितलं, व्यंकटेश बिरादार. बाया उठल्या, तरट गुंडाळलं, घरी गेल्या.

एक तारखेला पोरी वेण्या घालून फाट्यावर उभ्या राहिल्या. बस न्हाई. दुसऱ्या दिवशीबी न्हाई. मग अण्णांचा फोन वाजला.

“अण्णा, मी राजूबाई. बस कुठाय?”

“येईल की, राजूबाई. उशीर झाला असंल.”

“तुमी छापलाव म्हनून इचारायलेय. पाटलाला न्हाई इचारलं, तुमाला इचारायलेय.”

अण्णांनी फोन ठेवला. शारदाबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “अहो पत्रकार, तिसऱ्यांदा इचारलं होतं का?”

अण्णांनी एक शेंग उचलली आणि परत ठेवली.

“इचारलं होतं का न्हाई?”

“दमलो होतो गं.”

शारदाबाई परत शेंगा सोलायला लागल्या. चिडल्या असत्या तर अण्णांना बरं वाटलं असतं.

संध्याकाळी संपादकाचा फोन. अपूर्व नाव त्याचं, मालकाचा लेक, बोलण्यात गोडवा. “अण्णा, टेन्शन कामून घ्यायलाव? ‘पाटलांनी शब्द फिरवला’ असं छापू. खोटं त्यात काय न्हाई.”

खोटं न्हाईच. हीच तर अडचण होती. पाटलांनी शब्द फिरवला हे खरं, पण बाया पाटलांच्या शब्दावर उठल्या नव्हत्या. अण्णा म्हणाले, “उद्या सांगतो,” आणि रात्रभर पंख्याकडं बघत पडले.

सकाळी परत पाटलांचा बंगला. पाटील हसत बाहेर आले, “या अण्णा, नाष्टा करा.”

अण्णा बसले न्हाईत. पायरीवरच उभं राहून विचारलं, “भाई, सच बोलो, बस आती क्या?”

पाटलांची बडीशेप तोंडातच थांबली. मग ते हसले, पण ते हसू दमलेलं होतं. “नै आती, अण्णा. डिपो में गाड्याँच नै. साब का दौरा था, रस्ता खाली होना था, बोल दिया.”

म्हणजे डेपोत गाड्याच नव्हत्या. मोठा साहेब त्या रस्त्यानं जाणार, म्हणून बाया उठवायच्या होत्या. एवढंच.

“उस दिन पूछता तो?”

“उस दिन?” पाटील मान हलवायला लागले. “तुम चप्पल पैने, मैं दरवाजे पे रुक्या. अब पूछते, अब पूछते. तुम हात जोड के चले गए. मैं बोल्या, चलो, बुड्ढा थक गया.”

अण्णांना कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

पाटील मराठीत आले, “आता छापनार का ह्ये?”

“छापनार.”

“मग मी म्हननार, अण्णाला ऐकू येत न्हाई, वय झालंय.”

“म्हना की,” अण्णा म्हणाले. “अर्धं तर खरंच हाय.”

तिथनंच शेअर रिक्षा पकडून ते वाडीवर गेले. राजूबाई अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. बाया जमल्या. कुणी रेणुका होती, कुणी गुरुबाई. अण्णांना बसायला खुर्ची आणली, ते उभेच राहिले.

“बस येनार न्हाई,” अण्णा म्हणाले. “पाटील खोटं बोलला. पर मी त्येला जेवढं इचारायला पायजे तेवढं इचारलं न्हाई. दरवाज्यात आनखी एक सवाल टाकला असता तर त्याच दिवशी कळलं असतं. मी दमलो होतो, राजूबाई.”

राजूबाईचं सूप थांबलं.

“दमला होतात मनता,” ती म्हणाली. “आमी काय ताज्या होतो व्हय? ढुंगनाखाली डांबर भाजत होतं. ही गुरुबाई दोनदा चक्कर येऊन पडली. आमाला बी उठायचंच होतं की, अण्णा. कुनीतरी ‘उठा’ मनायची वाट बघत होतो. तुमचं नाव दिसलं, उठलो.”

अण्णांनी रिकाम्या खुर्चीच्या पाठीला हात टेकला. आयुष्यभर दुसऱ्याला सवाल टाकणाऱ्या माणसाला उत्तर द्यायची सवय कुठली?

रेणुका तरुण होती, फटकळ होती. “आता परत ‘पाटलांनी फसवलं’ छापनार आसतील. आपली चूक पाटलाच्या गळ्यात.”

“न्हाई,” अण्णा म्हणाले. “दोन्ही छापनार. त्येचं त्येच्या नावानं, माझं माझ्या नावानं.”

“आन् मग तुमचं कोन खरं मानंल?”

“आता ते माझ्या हातात न्हाई, बाई.”

त्यांनी तिथंच अपूर्वला फोन लावला, बायांसमोर. अपूर्व पलीकडनं बराच वेळ समजावत राहिला, पेपरचं नाव, वाचकांचा विश्वास, असलं काय काय. अण्णा ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, “बाबा, तुला छापायचं नसंल तर सांग, मी हितंच सगळ्यांना वाचून दाखवतो आन् मोकळा होतो.” पलीकडनं एक लांब श्वास आला, मग, “पाठवा.”

राजूबाईनं सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली. “चला गं. तरट काढा.”

“आत्ता?” गुरुबाई म्हणाली. “उन्हाचं?”

“मग कवा? पोरगी लग्न होऊन गेल्यावर?”

बाया कुरकुरत, पदर डोक्यावर ओढत निघाल्या. पल्लवीनं पाण्याची कळशी घेतली. अण्णा मागनं लंगडत. फाट्यावर तरटं पसरली गेली, एक ट्रक हॉर्न मारत थांबला. ड्रायव्हर शिव्या द्यायला लागला, राजूबाईनं त्याच्याकडं बघितलंबी न्हाई.

फाट्याजवळच्या छोट्या पुलाच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला अण्णा उभे राहिले. कुठं जावं ते कळंना.

“उभं कामून राहिलाव?” राजूबाई तिकडनं ओरडली. “बातमी लिवायची तर बसा. पर तिकडं पुलावर बसा. आमच्या तरटावर न्हाई.”

पुलाचा कठडा तापला होता. अण्णांनी रुमाल टाकला, त्याच्यावर बसले, आणि खिशातनं पेन काढलं.